लई भारी?
रंकाळ्यावर गिटार वाजवली की मित्र म्हणायचे, ‘लई भारी!’ मीही ८ वर्षं त्यावर खूश होतो. मग घरीच रेकॉर्डिंग करायचं खूळ डोक्यात शिरलं. यूएसबी माइक आणला. ऑडॅसिटी तर फुकटच. माइक थेट गिटारच्या भोकासमोर ठेवला, तर नुसता घुमघुमाट! मग तो १२व्या फ्रेटसमोर, फूटभर लांब ठेवला. पंखा बंद केला, भिंतीवर रजई टांगली. आवाज एकदम स्वच्छ! आणि तेव्हाच कळलं, कॉर्ड बदलताना दरवेळी माझी लय घसरते. दोन दिवस गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मेट्रोनोम ६०वर लावून बसलो. मित्र कौतुक करतात, कॉम्प्युटर खरं सांगतो. दोन्ही लागतंय, राव!