वायफाय आहे हो, पण टिकेल का?

कॅमेरा घ्यायला जा, सेल्समन आधी वायफाय दाखवणार. एकदम कूल! पण २००५च्या निकॉन कूलपिक्स पी१मध्येही वायफाय होतंच की. मी आधी झाकणं उघडून बघते: कार्ड कुठलं, केबल कुठली? कारण अ‍ॅप कंपनीच्या मर्जीवर चालतं. आय-फायची वायफायवाली एक्स२ कार्डं आठवतात? २०१६मध्ये कंपनीने त्यांचा सपोर्टच बंद केला. उलट बाबांच्या जुन्या डिजिकॅमचं साधं एसडी कार्ड परवा रीडरमध्ये घातलं, तर आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो लगेच स्क्रीनवर! आजी आता नाहीये. म्हणून सांगते, स्माईल डिटेक्शन, फिल्टर्स वगैरे बोनस समजा. यूएसबी-सी आणि साधं एसडी कार्ड असेल, तरच पावती फाडा.