देणाऱ्याच्या खात्यातील जमा

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य खाती तपासली. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्या की दिवसाचे काम संपले, अशी मनाला सवयच जडली होती. निवृत्तीनंतर मात्र ध्यानात आले की, स्वतःच्या आयुष्यातील एक हिशेब मी वर्षानुवर्षे चुकीच्या पद्धतीने लिहीत आलो होतो. तो हिशेब होता दानाचा.

निवृत्त झालो त्या वर्षी दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ एका संस्थेला ५१,००० रुपयांची देणगी दिली. काही महिन्यांनी देणगीदारांचा संगमरवरी फलक लागला. त्यावर वडिलांचे नाव अगदी खालच्या ओळीत होते आणि आडनावही चुकीचे कोरले होते. मी पत्रे लिहिली, पदाधिकाऱ्यांशी वाद घातला, दोघा-तिघांशी बोलणे सोडले. त्या फलकावरून जाताना छातीत काहीतरी घट्ट होत असे. त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १६२/९८ निघाला. गोळी सुरू झाली. एके रात्री झोप न लागल्याने मी येरझारा घालत असताना सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "अहो, ते पैसे सोडण्यासाठी दिलेत की धरून ठेवण्यासाठी?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे आमच्या गल्लीतील एक किराणा व्यापारी अचानक वारले. तेराव्या दिवसानंतर त्यांच्या पत्नी कापडी पिशवी घेऊन घरी आल्या. पिशवीत पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या आणि बऱ्याच चिठ्ठ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळे तेच पाहायचे. सही कुठे करायची तेसुद्धा मला ठाऊक नाही."

तीन बँकांत मिळून सात खाती होती. जिथे नामनिर्देशन होते, तिथे मृत्यूचा दाखला, दावा अर्ज आणि ओळखीचा पुरावा एवढ्यावर काम भागले. जिथे ते नव्हते, तिथे वारसांची संमतिपत्रे आणि हमीपत्रे गोळा करावी लागली. एक जुनी ठेव तर दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिल्याने रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वर्ग झाली होती. ती बुडाली, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. वस्तुतः अशी रक्कम वारसाला मूळ बँकेमार्फत परत मागता येते, ही माहिती माझ्यासारख्याला सहज होती. त्या माउलीला ती कोणी सांगितली नव्हती.

या कामाला दोन-अडीच महिने लागले. शेवटची रक्कम जमा झाली त्या दिवशी वहिनींनी रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली आणि एवढेच म्हणाल्या, "आज झोप लागेल." त्या रात्री मलाही गाढ झोप लागली. सकाळी जाणवले की, गेल्या कित्येक दिवसांत त्या फलकाची आठवणच झाली नव्हती.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रवचनानंतर सभागृहाच्या कोपऱ्यात मी दोन-दोन तास बसतो. कोणाचा निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला, कोणाचे नामनिर्देशन, कोणाच्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज. जुन्या सवयीने रक्तदाबाची वही ठेवली आहे. दीड वर्षानंतर आकडा १३४/८४ च्या आसपास स्थिरावला. याचे सारे श्रेय सेवेला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोळी चालू आहे, मीठ कमी केले आहे, सकाळचे चालणेही आहे. वाचकांनी औषध सोडण्याचा विचारही करू नये. पण ज्या रुखरुखीने झोप उडवली होती, तिच्यावर गोळीचा इलाज नव्हता, हेही तितकेच खरे.

या विषयावर पाश्चात्त्य देशांत गंभीर संशोधन झाले आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला किमान २०० तास स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढील चार वर्षांत उच्च रक्तदाब उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. आठवड्याचे चार तास धरले की वर्षाचे २०८ होतात. हा गुणाकार करताना मला हसू आले.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०१२ चा आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ज्येष्ठांच्या पाहणीत, इतरांच्या हितासाठी सेवा करणाऱ्यांमध्ये पुढील चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. जे मुख्यतः स्वतःच्या लाभासाठी सेवा करत होते, त्यांना मात्र हा फायदा मिळालेला दिसला नाही. सेवा तीच, वेळ तोच, केवळ भाव वेगळा.

आपल्याला हे नवे वाटू नये. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये आपण स्वाध्यायात ऐकतो. वैद्यकात निदान म्हणजे रोग ओळखणे. आपल्या परंपरेत निदान म्हणजे धर्मकृत्याच्या बदल्यात फळाची इच्छा बाळगणे. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच जागी भेटले. देणगी माझी होती आणि काटाही माझाच. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात दानाची व्याख्या करताना त्यागाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. ज्या रकमेवरचा हक्क मनाने सोडला नाही, ती पावती मिळूनही दिली गेली नव्हती.

आपण व्यापारी समाज. धनादेश लिहिताना आपला हात आखडत नाही, आणि त्या दानावर कितीतरी संस्था उभ्या आहेत. त्याला थोडी वेळेची जोड द्यावी, एवढीच विनंती. कोणी शेजारच्या वृद्धाला दवाखान्यात नेऊन आणावे, कोणी दुकानातील नोकराच्या मुलीला हिशेब शिकवावा, कोणी होतकरू तरुणाला कराचे विवरणपत्र भरून दाखवावे. आपल्या झेपेल एवढेच करावे. स्वतःची प्रकृती आणि घर यांची आबाळ करून केलेली सेवाही फार काळ टिकत नाही.

फलकावरचे आडनाव अजून तसेच आहे. परवा नातवाने ते वाचून विचारले, "आजोबा, हे चुकलंय ना?" मी म्हटले, "हो बाळा, चुकलंय." आणि आम्ही दोघे दर्शनाला आत गेलो.

जय जिनेंद्र.