धाकटीचे घर

गेल्या कार्तिकात आम्ही शिलाँगास गेलो, तेव्हा घरी एक कागद सहीवाचून पडला होता. वाईस घाटाजवळ आमचा जुना वाडा आहे. त्याची वाटणी करावयाची म्हणून वकिलांनी ताईचे, म्हणजे आमच्या वडील बहिणीचे, हक्कसोडपत्र लिहून ठेवले होते. महाराष्ट्राने 1994 साली व पुढे केंद्र सरकारने 2005 साली कायदा दुरुस्त करून वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीने बसविले, हे वाचकांस विदित आहेच. आणि त्यानंतरही भावाबहिणींत असली पत्रे किती सहज होतात, हेही विदित असेल. ताईची काही कुरकुर नव्हती. "प्रवासाहून आल्यावर करते सही," असे म्हणून ती आम्हां उभयतांबरोबर निघाली.

गुवाहाटीपासून शिलाँग सुमारे 100 किलोमीटर. मोटार चढू लागली की उकाडा मागे राहतो, उमियमचा विस्तीर्ण जलाशय दिसतो, आणि मग दोहों बाजूंस चीड वृक्षांची राने लागतात. समुद्रसपाटीपासून 1,500 मीटर उंचीवरचे हे नगर पूर्वी आसामची राजधानी होते. 1972 साली 21 जानेवारीस मेघालय हे पूर्ण राज्य झाले, तेव्हापासून ते त्याची राजधानी आहे. आम्हांस मात्र नगरशोभेपेक्षा तेथील खासी लोकांच्या घरांचे कुतूहल अधिक होते. कारण त्यांच्यात कुळ आईवरून चालते, मूल आईचे कुलनाम लावते, आणि वडिलोपार्जित म्हणण्यापेक्षा मातुलोपार्जित म्हणावे असे घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते.

पहिल्याच सकाळी बडा बाजार पाहिला. त्याचे खासी नाव इयेवदुह. डोंगरउतारावर अरुंद बोळांचे जाळेच पसरलेले आहे, आणि बोळाबोळांतून सुपारी, विड्याची पाने, संत्री, मध, तमालपत्र, सुकी मासळी यांचे ढीग. ओझी वाहणारे लोक कपाळास पट्टा लावून पाठीवर निमुळत्या टोपल्या घेऊन चालतात, आणि दुकानांवर बहुतेक बायकाच. खांद्यांवर टाचलेला जैनसेम, वर चौकड्यांची शाल, ओठ विड्याने लाल. गिऱ्हाईक त्यांस "काँग" म्हणून हाक मारते. काँग म्हणजे ताई, असे कळल्यावर आमच्या ताईस फार गंमत वाटली. "येथे गल्ल्यावर बसलेल्या सगळ्या माझ्याच," असे ती म्हणाली. पैसे मोजताना कोणी बाई शेजारच्या पुरुषास विचारीत नव्हती, हे सौ.ने आमच्या निदर्शनास आणले. आम्ही ते ऐकले नाहीसे केले.

आमचे बिऱ्हाड एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी होते. बाई साठीच्या, बोलण्यात मृदू, आणि घरातील 'खद्दुह', म्हणजे धाकटी लेक. गेल्यागेल्या त्यांनी ओली सुपारी, पान व चुना पुढे केला. पाहुण्यास हा 'क्वाय' दिल्यावाचून खासी घरात बोलणे सुरू होत नाही. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला, विजेचे दिवे गेले, आणि चुलीभोवती गोष्टी निघाल्या. त्यांच्या भाषेत सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी. चंद्राने आपल्या बहिणीवर, सूर्यावर, वाईट नजर टाकली, म्हणून तिने त्याच्या तोंडावर राख फेकली. तेच त्याचे डाग. आमच्या चांदोबाची ही हकिगत आम्हांस अगदीच नवी होती. एका कुळात विवाह म्हणजे या लोकांस घोर पातक. आपल्याकडील सगोत्राच्या निषेधाशी हे किती जुळते! मात्र तेथे गोत्र चालते ते आईचे.

बोलता बोलता आम्ही म्हणालो, "म्हणजे हे घर सर्वस्वी आपल्या मालकीचे." बाई हसल्या. त्यांनी सांगितले ते आम्हांस अनपेक्षित होते. घर धाकटीचे खरे, पण ते तिने सांभाळावयाचे असते. म्हातारे आईबाप तिच्याकडे. अविवाहित भावंडे, पोरकी भाचरे, संसार मोडून परत आलेला भाऊ, सर्वांस तिचे दार उघडे. कुळाचे धर्मकृत्य तिच्या घरी. आणि हे घर विकावयाचे म्हटले तर मामा व भाऊ यांच्या संमतीवाचून विकता येत नाही. "माझ्या दोघी थोरल्या बहिणी दिल्लीस व बंगलोरास गेल्या," बाई म्हणाल्या. "मलाही एकदा दिल्लीची नोकरी चालून आली होती. आई अंथरुणावर होती." एवढे बोलून त्यांनी निखारे सारखे केले.

मामास खासी भाषेत 'क्नी' म्हणतात. बाईंचे भाऊ सत्तरीचे. ते राहतात बायकोच्या घरी, पण रोज सकाळी बहिणीकडे येऊन चहा घेतात, आणि भाचीचे लग्न असो की भिंतीची डागडुजी, त्यांच्या सल्ल्याशिवाय पान हलत नाही. बायकोच्या घरी त्यांचा शब्द तितका चालतो काय, असे आम्ही विचारले. त्यांनी खांदे उडविले. नवऱ्याने सासुरवाडीस राहावयाचे, आणि मुलांचे नाव परक्या कुळाचे, याचा सल काही पुरुषांच्या मनात आहे. 1990 साली त्यांनी 'सिंगखाँग रिम्पेई थिम्माई' या नावाची संस्था काढून पित्यावरून कुळ चालावे असा पुकारा केला. आमच्या यजमानीणबाईंचा याविषयी कटाक्ष असा की, ज्यांची तक्रार आहे त्यांनी आधी आपल्या आईला विचारावे.

परंतु येथे स्त्रियांचे राज्य आहे, असे जे पुष्कळ प्रवासी लिहितात, ते आम्हांस पटले नाही. गावाचा 'दरबार' परंपरेने पुरुषांचाच. स्त्रीने तेथे बोलू नये असा दंडक होता, आणि कोंबडी आरवली की जगाचा नाश, अशा अर्थाची म्हणही त्यांच्यात आहे. 2023 च्या विधानसभेच्या निवडणुकीत 60 जागांवर निवडून आल्या त्या फक्त 3 स्त्रिया. खिरिम संस्थानात राजपद बहिणीच्या मुलाकडे जाते, म्हणजे वारसा बाईच्या द्वारे आला तरी गादीवर पुरुषच. स्मित येथील नाँगक्रेमच्या उत्सवात कुमारिका डोक्यावर मुकुट घालून, दृष्टी खाली ठेवून, पाऊल जेमतेम सरकवीत मधोमध नाचतात, आणि हाती तलवारी व चवऱ्या घेतलेले पुरुष त्यांच्याभोवती फेर धरतात. ते दृश्य अतिशय सुंदर आहे. मधल्या मुलींस बाहेर पडावयाचे झाल्यास वाट कोठून, असा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

मावफ्लांगचे देवराईसारखे राखलेले रान शिलाँगहून 25 किलोमीटरांवर आहे. आतून वाळके पानदेखील बाहेर न्यावयाचे नाही, असा नियम. आपल्या सह्याद्रीतील देवरायांची आठवण झाली. या डोंगरांत जागोजाग जुने स्मारकपाषाण उभे आहेत: उभे ते मातृकुळातील पुरुषांचे, आडवा सपाट तो मूळमातेचा. जुन्या धर्माचे लोक दहनानंतर अस्थी जमवून कुळाच्या सामाईक अस्थिगृहात ठेवतात. नवऱ्याच्या अस्थी बायकोच्या कुळात राहत नाहीत. त्या त्याच्या आईच्या कुळाकडे जातात. सांप्रत पुष्कळ खासी ख्रिस्ती झाले आहेत व दफन करतात, परंतु बाईंचे घर जुन्या धर्माचे. "माझा भाऊ आयुष्यभर दुसरीकडे राहिला तरी शेवटी येथेच येणार," असे त्या म्हणाल्या. मग ताईकडे वळून त्यांनी सहज विचारले, "तुम्ही माहेरी जाता तेव्हा कोणत्या खोलीत राहता?"

ताई थोडा वेळ थांबली. "जी मोकळी असेल तीत," ती म्हणाली.

त्या उत्तरात रोष मुळीच नव्हता. आम्हांस मात्र माडीवरची पूर्वेची खोली आठवली. ती लग्नापूर्वी ताईची होती. तेथे आता आमच्या धाकट्या बंधूंच्या जुन्या पेट्या व धान्याची कणगी आहे. आणि मागल्या दिवाळीस ताई माजघरात निजली होती.

परत आल्यावर चौथ्या दिवशी ताईने चष्मा पुसून विचारले, "कोठे करायची सही?" आम्ही कागद तिच्यापुढे ठेवला नाही. वकिलांस तो परत नेण्यास सांगितले, आणि पूर्वेची खोली व परसातील विहिरीकडची पट्टी ताईच्या नावे घालून वाटणीपत्राचा नवा मसुदा करावा असे कळविले. वकील म्हणाले, धाकट्या बंधूंची संमती पाहिजे. त्यांस पत्र घातले आहे. उत्तर अद्याप नाही. पेट्या मात्र आम्ही खाली आणविल्या.