हातातला आरसा

मनगटाला सूज आली आणि आठ दिवसांची सक्तीची रजा पदरी पडली, तेव्हा इतक्या वर्षांत प्रथमच मी माझ्या त्या इवल्याशा मुखदर्पणाकडे, कोणाचेही तोंड समोर नसताना, नुसती पाहत बसले.

१९०६ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईंना दात स्वच्छ करण्याचे रीतसर शिक्षण दिले, त्या परंपरेतून आलेला हा आमचा पेशा; आणि १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्टांची स्वतंत्र नोंदवही ठेवली, तिच्यात आपलेही नाव दाखल झाले याचा मला आजही अभिमान वाटतो. दोन वर्षांच्या तालमीत हात शिकला तो मुख्यतः ऐकायला: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला, जेथे लाळेच्या वाहिन्या जिभेखाली उघडतात, तेथे कीटण दाट साचते, आणि ते निघाल्यावर हत्याराखालचा खरखरीतपणा एकाएकी गुळगुळीत होतो.

मिश्रीने दात काळवंडलेल्या, पदराने तोंड झाकणाऱ्या एका आजींना काम संपल्यावर मी दुसरा आरसा हाती देऊन दातांची ती मागची बाजू दाखविली.

“बाई, हे माझंच का?” त्यांनी विचारले.

कितीतरी वेळ त्या पाहत राहिल्या. पुढच्या तारखेस मात्र आल्या नाहीत. काय पाहिले असेल त्यांनी? त्यांच्या श्वासाने माझा आरसा धुरकटला होता, आणि तो पुसण्याची घाई मला झाली नव्हती, एवढे स्मरते.