थोडके आणि पुरेसे

खाण्यात आणि उपचारांत अधिक तेच हितकर, ही समजूत सुशिक्षित घरांत चांगलीच रुजली आहे. यास्तव एखादा डॉक्टर 'कमी करा' म्हणू लागला, की त्याच्याभोवती एक तर भक्त जमतात, नाही तर निंदक. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या वाट्यास दोन्ही आले. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत ते सांगतात, की कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवावे व रोज ४५ मिनिटे झपझप चालावे. कारण दर खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते आणि ते वरचेवर स्रवले की चरबी साठते. उलट थोडेथोडे वरचेवर खावे, असे ऋजुता दिवेकर यांनी सांगितले आणि घरोघरी दोन तट पडले.

तळवलीसारख्या गावठाणाकडे पाहिले, म्हणजे दोन्ही पक्षांतून निसटलेली एक गोष्ट ध्यानात येते. या पट्ट्यातील आगरी-कोळी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरांत आणि खाडीत राबली. १९७० साली सिडको आली, शेते गेली; भात-मासळी ताटात उरली, पण अंगमेहनत उरली नाही. नुसती जेवणे मोजून आरोग्याचा हिशेब लागत नाही, तो असा.

हृद्रोगाच्या उपचारांतही हाच प्रश्न उभा राहतो. 'इस्केमिया' हा ५,१७९ रुग्णांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा विकार स्थिर आहे, त्यांच्यावर प्रथमच स्टेंट वा बायपास केल्याने, औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू घटले नाहीत. छातीतील कळ मात्र ज्यांना होती, त्यांना आराम पडला. आपल्याकडे २०१७ साली सरकारने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, तोवर लाखाच्या वर पैसे मोजणारी कुटुंबे थोडीथोडकी नव्हती. 'याची खरोखर गरज आहे काय?' असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो रुग्णाचा अधिकार आहे.

परंतु प्रत्यक्ष झटका आला असता तीच रक्तवाहिनी तातडीने उघडणे प्राण वाचविते. तेथे एक घटकाही दवडू नये. तसेच इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने व्याख्यान ऐकून परस्पर जेवण टाळले, तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते. 'अधिक करा' म्हणणाऱ्याकडे आपण पुरावा मागावा हे योग्यच. पण 'कमी करा' म्हणणाऱ्यासही त्यातून सूट नाही, आणि आपल्या देहास कोणते लागू पडते, हे आपल्या डॉक्टरांसमोर बसूनच ठरवावे, असे आमचे मत आहे.