देश बदलला, ताट तेच : सोमाली निर्वासितांचा आहार आणि आरोग्य

पुण्यात शिकायला आलेले सोमाली विद्यार्थी तुम्ही पाहिले असतील. सर्दी-तापासाठी ते अधूनमधून माझ्या दवाखान्यात येतात. बोलता बोलता विषय घरच्या जेवणावर जातो आणि तिथून परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांवर. कुणाची मावशी अमेरिकेत, कुणाचा काका स्वीडनमध्ये. त्यांच्या तक्रारीही साधारण सारख्याच असतात : वाढलेली साखर, अंगदुखी, झोप न लागणे. देश बदलला की शरीरात काय बदलते, हे समजून घ्यायचे असेल तर या लोकांची गोष्ट जरूर वाचा.

१९९१ मध्ये सोमालियातील सियाद बारे यांची राजवट कोसळली. यादवी आणि दुष्काळामुळे लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. केनियातील दादाबच्या छावण्या ९० हजार लोकांसाठी उभारल्या होत्या. पुढे तिथे चार लाखांहून अधिक लोक राहू लागले. शिधा म्हणजे मका, पीठ, डाळ, तेल. ताजी भाजी, दूध, मांस दुर्मीळ. तिथून काही कुटुंबे ब्रिटन, कॅनडा, स्वीडनला गेली, तर बरीच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात.

ताटात काय असते?

सोमाली जेवण आपल्याला फारसे परके वाटणार नाही. सकाळी अंजेरो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे आंबोळीसारखे जाळीदार घावन. जिरे, धने, मिरी, वेलची, हळद यांचा हवाश नावाचा मसाला. त्यात शिजवलेला मांसाचा भात आणि त्याच्याबरोबर चक्क केळे! रमजानमध्ये समोशाचा भाऊ शोभेल असा सम्बूस. दक्षिण भाग इटलीची वसाहत होता, त्यामुळे पास्ताही घरचाच झाला. दिवसभर वेलची-दालचिनीचा गोड चहा. पशुपालक कुटुंबांत उंटिणीच्या दुधाला मोठा मान.

या जेवणात मुळात वाईट काही नाही. जनावरांमागे मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाला भात आणि गोड चहा पचून जातो. तोच माणूस बर्फाळ शहरात सहा महिने घरात बसला, कामाला बसने गेला आणि चहाबरोबर शीतपेयेही आली, तर तीच साखर रक्तात साठू लागते. लहानपणी उपासमार आणि मोठेपणी सुबत्ता, हा मेळही मधुमेहाला पोषक असतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या बाळांबद्दल हेच दाखवले : वजनाला कमी, पण त्या मानाने चरबी जास्त, आणि पुढे मधुमेहाचा धोका.

ऊन कमी पडते तेव्हा

अंगदुखीमागे अनेकदा ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. हे जीवनसत्त्व उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. गडद त्वचेला त्यासाठी जास्त वेळ ऊन लागते. मिनेसोटात हिवाळ्यात असे ऊन जवळजवळ मिळतच नाही, त्यात अंगभर कपडे. मग हाडे दुखतात, जिने चढताना मांड्यांत जोर राहत नाही. रक्त तपासून गोळ्या घेतल्या की बहुतेकांना बरे वाटते.

मनाचे काय?

दादाबमध्ये ‘बूफिस’ असा एक शब्द रूढ झाला. छावणीतून दूर देशी जाण्याची अनावर ओढ, आणि ती पुरी न झाल्याने येणारी खिन्नता. देश मिळाला तरी मागे राहिलेल्यांची काळजी सुटत नाही. सोमालीत मानसिक आजाराला जवळचा शब्द म्हणजे ‘वाली’, अर्थ वेडेपणा. असा शिक्का कोण मारून घेईल? म्हणून दुःख डोकेदुखी, पोटदुखी होऊन डॉक्टरांसमोर येते.

भीतीची साथ

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मिनियापोलिसमधील काही सोमाली आईवडिलांना वाटू लागले की आपल्या मुलांत स्वमग्नता फार दिसते. त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ती पोकळी लसविरोधकांनी भरली. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी खोटा संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड स्वतः त्यांना येऊन भेटला. त्याचा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला होता, पण भीती राहिली. २००४ मध्ये तिथल्या सोमाली मुलांपैकी सुमारे ९२ टक्क्यांनी ही लस घेतली होती. २०१४ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये गोवराची साथ आली. ७५ रुग्ण सापडले, बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुले.

या आईवडिलांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये. हा समाज बोललेल्या शब्दावर विश्वास ठेवणारा आहे. छापील पत्रकाने त्याची शंका कशी फिटणार? साथ आटोक्यात आणताना सोमाली आरोग्यसेवक आणि मशिदीतील इमाम लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, ते यासाठीच.

आहाराचेही तसेच. ‘भात बंद’ म्हटले की रुग्ण मान डोलावतो आणि घरी भातच खातो. त्याऐवजी भाताचा वाटा निम्मा करा, मांसाबरोबर भाजी वाढवा, चहातली साखर दर आठवड्याला थोडी कमी करा, असे सांगितले तर जमते. सोमाली घरांत एका मोठ्या थाळीत सगळे मिळून जेवतात, तेव्हा कुणी किती खाल्ले ते कळत नाही. म्हणून मधुमेह्याला वेगळे वाढून घ्यायला सांगावे. रोजे ठेवायचे असतील तर औषधांच्या वेळा आणि मात्रा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, नाहीतर साखर एकदम उतरू शकते.

तुमच्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, काहींचे आईवडील सहा महिने तिकडे राहून येतात. त्यांना माझे सांगणे एवढेच : तिथल्या डॉक्टरांना आपण खरोखर काय खातो ते मोकळेपणाने सांगा. भाषा अडली तर दुभाषी मागा. नातवाला दुभाषी करू नका, त्याच्यासमोर आजी सगळे बोलत नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि लसीबद्दल शंका आली तर ती मनात ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.