जिन्यावरची पाटी

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. कोणी लोकरीचे मोजे घे म्हणतो, कोणी मेतकुटाची पुडी पिशवीत कोंबते, तर कोणी विमानतळावर काय बोलावे याची तालीम घेतो. पण तिथे गेल्यावर माणूस अडखळतो तो थंडीपाशी नव्हे आणि जेवणापाशीही नव्हे. तो अडखळतो अगदी बारीकसारीक गोष्टींपाशी. रविवारी भिंतीत खिळा ठोकावा की नाही, शेजारणीला काय म्हणून हाक मारावी, आणि यजमानीण "आणखी वाढू का?" म्हणाली तर काय उत्तर द्यावे, हे कोणत्याच मार्गदर्शिकेत छापलेले नसते.

हल्ली हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली करार केला आणि कुशल कामगार तिकडे पाठवण्याची योजना आखली. त्यानंतर जर्मन व्याकरणाची पुस्तके आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांतही दिसू लागली. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबईचे आणि तिचे भगिनी-शहरांचे नाते तर १९६८ पासूनचे आहे. तेव्हा या धाकट्या बहिणीच्या घरी कसे वागतात, हे वाचकांना सांगायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही.

स्टुटगार्ट वसले आहे डोंगरांच्या खोलगट भांड्यात. तिथले लोकही त्याला 'केसेल', म्हणजे कढईच म्हणतात. कढईच्या काठावरून द्राक्षाचे मळे थेट शहरात उतरतात आणि मळेकऱ्यांनी पूर्वी बांधलेल्या दगडी पायऱ्या आजही गल्लीगल्लीतून वर चढतात. गावाचे नाव पडले ते घोड्यांच्या पागेवरून, आणि आता जगात ते ओळखले जाते मोटारींवरून. इथले लोक श्वाबियन. कष्टाळू, काटकसरी आणि बोलायला तुटक अशी त्यांची उरलेल्या जर्मनीत ख्याती आहे. आमच्या एका स्नेह्याने त्यांचे वर्णन "थंडीतले पुणेकर" असे केले होते. त्यावर पुणेकर रागावले, श्वाबियनांना ते कळलेच नाही.

पहिल्या दिवसाची गंमत अशी, की मराठी माणसाला इथे चक्क ओळखीचे काही भेटते. वाटेत दिसणारा म्हातारा टोपीला हात लावून "ग्र्यूस गोट" म्हणतो. त्यात देवाचे नाव आहे. आपल्या 'राम राम'चाच हा भाऊ. इंग्रजीवर वाढलेल्यांना जर्मनमधली तीन लिंगे घाम फोडतात. आपण 'तो, ती, ते' घेऊनच जन्माला आलेलो. मात्र हिशेब जुळत नाहीत ही गोष्ट निराळी. तिकडे सूर्य बाई आहे आणि मुलगी नपुंसकलिंगी! यावर देशावरचा माणूस हसतो, पण मालवणकडचा हसत नाही, कारण त्याच्याकडे 'चेडू' तसेच असते. एकवीस म्हणतानाही जर्मन माणूस आपल्यासारखाच आधी एक म्हणतो आणि मग वीस.

पण भाषेचा हा जिव्हाळा सर्वनामापाशी येऊन थबकतो. जर्मनमध्ये 'दू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. आईबापांना दू, देवालाही दू. आपणही विठोबाला अरेतुरेच करतो. परंतु शेजारी दहा वर्षांचा असला तरी 'झी'च, आणि तोही आडनावाने. घराच्या घंटेवर आडनाव, टपालपेटीवर आडनाव, हाक मारायलाही आडनाव. काका, मावशी, वहिनी ही आपली सारी नाणी इथे चालत नाहीत. एखाद्या दिवशी वयाने वडील माणूसच म्हणतो, "आता आपण एकमेकांना दू म्हणू या." धाकट्याने ते सुचवायचे नसते. आपल्याकडे नाते आधी जोडतात आणि ओळख मागाहून होते. इथे ओळख पिकली की मग नात्याचा शब्द मिळतो.

बिऱ्हाड मिळाले, की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्या कागदावाचून पुढचे पुष्कळसे कागद अडून राहतात. अर्जात धर्माचाही रकाना असतो. नवखा माणूस तो पाहून बिचकतो. पण त्यामागे आहे निव्वळ हिशेब. नोंदलेल्या चर्चसभासदाच्या आयकरावर आणखी कर बसतो आणि तो चर्चला जातो. या राज्यात तो आयकराच्या शेकडा आठ इतका आहे. श्रद्धेची वर्गणी सरकारी खजिन्यातून कापून जाते, ही कल्पना गणपतीच्या वर्गणीसाठी चार जिने चढलेल्या कार्यकर्त्याला मोठी हेवा वाटण्याजोगी आहे.

मग येतो पहिला रविवार. शनिवारी भाजी आणायची राहिली, तर रविवारी दुकाने बंद. सकाळी थोडा वेळ पाववाला उघडा असतो आणि मोठ्या स्टेशनातली काही दुकाने चालू असतात, एवढेच. रविवारच्या विश्रांतीचे कलम १९१९ च्या राज्यघटनेत होते, ते १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे उचलले. त्या दिवशी भिंतीला भोक पाडायचे नाही, गवत कापायचे यंत्र चालवायचे नाही, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळ्ळ्कन वाजतात. ज्याचे बालपण दारावरची घंटा, शेजारचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या आणि बोहारणीची हाक यांत गेले, त्याला ही शांतता पहिल्यांदा सुखावते. तिसऱ्या रविवारी मात्र तीच कानात वाजू लागते.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकू. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली, की अनामतीची पावती बाहेर येते. मुंबईत आरेच्या दुधाची रिकामी बाटली परत करून भरलेली आणणाऱ्या पिढीला यात नवल वाटायचे कारण नाही. नवल वाटते ते कचऱ्याच्या पंक्तिप्रपंचाचे. कागद निराळा, ओला कचरा निराळा, वेष्टने निराळी आणि उरलेले निराळे. काचेतही पांढरी, हिरवी, तपकिरी अशा तीन जाती.

वक्तशीरपणाच्या कहाण्या आपण ऐकलेल्या असतात. माणसांच्या बाबतीत त्या खऱ्या आहेत. चारला बोलावले म्हणजे चारला, साडेचारला नव्हे; आणि पावणेचारलाही नव्हे. आगगाड्यांचे मात्र तेज उतरले आहे. २०२३ साली लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांपैकी सुमारे चौसष्टच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर त्या मोजतच नाहीत. आपल्या मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून परदेशात प्रथमच घरच्यासारखे वाटते.

या सगळ्यांहून श्वाबियन गोष्ट म्हणजे 'केरवोखे'. 'केरेन' म्हणजे झाडणे आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. आपल्या 'केरा'शी त्याचे नाते नसेल, नुसता योगायोगच असेल, पण मराठी माणसाला तो शब्द पाठ करावा लागत नाही. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना, तळघर आणि समोरची पायवाट झाडायची. बर्फ पडला तर लोक कामावर निघायच्या आत तो ओढायचा. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी लटकवलेली असते. आपला आठवडा संपला, की ती काढून मुकाट्याने शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. नगर स्वच्छ राखण्याचा हुकूम स्टुटगार्टमध्ये १४९२ साली निघाला होता. म्हणजे कोलंबस अमेरिका शोधत होता, तेव्हा इथले लोक केर काढत होते. शहराने आपला तसा नियम १९८८ साली मागे घेतला. तरी घराघरांच्या भाडेकरारांतून आणि त्याहून अधिक शेजाऱ्यांच्या नजरांतून केरवोखे टिकून आहे. पदवीधर इंजिनियर आणि कारखान्याचा साहेब हातात झाडू घेऊन शनिवारी जिन्यावर ओणवे झालेले दिसतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि तुमच्यासाठी दुसरे कोणी झाडायला येत नाही.

इथवरचे सारे गमतीचे. परंतु एक गोष्ट अशी आहे की तिची गंमत करता येत नाही, आणि ती म्हणजे 'नको' हा शब्द.

आपल्याकडे पहिले नको हे नको नसते. ती नुसती रीत. पाहुण्याने नको म्हणायचे, यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने पानावर हात आडवा धरायचा, आणि बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडायची. या खेळात दोघांचाही मान राहतो. जर्मन यजमानीण एकदाच विचारते. तुम्ही नको म्हटलेत, की ती भांडे उचलून आत नेते. तिच्या लेखी तुमच्या शब्दाला मान देणे याचे नाव आदरातिथ्य. पुन्हा विचारणे म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवणे. कितीतरी मराठी पाहुणे या मुलखातल्या पहिल्या मेजवानीहून अर्धपोटी परतले आहेत आणि यजमानांना कंजूष म्हणत झोपले आहेत.

जेवणापुरते असते तर चालले असते. पण हेच नको माणूस दुखण्याखुपण्यातही म्हणतो. सांगलीकडचा एक मुलगा इथे रुग्णालयात परिचारकाचे काम शिकायला आला होता. पहिलाच हिवाळा. त्याला सडकून ताप भरला. कामावर कळवून तो खोलीत पडून राहिला. शेजारपाजारचे कोणी तरी डोकावेल, विचारील, अशी वाट पाहत दोन दिवस गेले. कोणी आले नाही. घरी फोन केला तेव्हा आईला त्याने सांगितले, की सगळे ठीक आहे.

त्या आठवड्यात पाटी त्याच्या दारावर होती. शनिवारी संध्याकाळी घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची सत्तरीची बाई उभी. जिना झाडलेला नव्हता, ते विचारायला ती आली होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि एक शब्द न बोलता ती खाली गेली. थोड्या वेळाने जिन्यावर झाडूचा आवाज ऐकू आला. मग पुन्हा घंटा. हातात शेवया घातलेल्या सूपचे पातेले आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर रात्रीअपरात्री आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मिळवून देणारा ११६११७ हा दूरध्वनी क्रमांक आणि त्या रात्री पाळीने उघडे राहणाऱ्या औषधाच्या दुकानाचे नाव. दर रात्री आसपासचे एक तरी दुकान असे उघडे ठेवायचेच, ही तिथली व्यवस्था; पण ती व्यवस्था आहे हे त्या पोराला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याने कोणाला विचारले नव्हते.

मुलगा बरा झाला. सोमवारी पाहतो तो पाटी पुन्हा त्याच्याच दाराला. तो खाली गेला. बाई म्हणाली, "तुमच्या आठवड्याचे मी झाडले. आता माझ्या आठवड्याचे तुम्ही झाडा." आणि मग जरा थांबून, "दोन दिवस वर पावले वाजली नाहीत, ते माझ्या लक्षात आले होते. पण तुम्ही घंटा वाजवली नाहीत. मला वाटले, तुम्हाला कोणी नको असेल."

दोन दिवस ती खाली वाट पाहत होती आणि हा वर. मधे दहा-पंधरा पायऱ्या. त्याची रीत म्हणत होती, ज्याला माया आहे तो न बोलावता येईल. तिची रीत म्हणत होती, ज्याला गरज आहे तो बोलावील. न बोलावता दुसऱ्याच्या दारात जाणे बरे नव्हे. दोघेही आपापल्या जागी सभ्यच होते. त्या सभ्यतेपायी तापाने फणफणलेला पोरगा मात्र औषधावाचून पडून राहिला. पाटी नसती, तर बाईला त्याची घंटा वाजवायला निमित्तही मिळाले नसते.

म्हणून तिकडे निघालेल्या मुलामुलींना मोज्यांबरोबर आणि मेतकुटाबरोबर हे एक वाक्य बांधून द्यावे: हवे असेल तर पहिल्याच खेपेला हो म्हणा, आणि नड असेल तर घंटा वाजवा. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही ही म्हण आपलीच आहे. परक्या गावी ती आपण नेमकी विसरतो. आणि इथल्या आईबापांनीही पोराने "ठीक आहे" म्हटल्यावर तेवढ्यावर फोन ठेवू नये. आग्रहाची आपली जुनी सवय तिथे कामाला येते.

राहता राहिली दिवाळी. तिला तिथे सुट्टी नाही, आणि फटाके तर औषधालाही मिळत नाहीत. लोकांना ते विकायची मुभा फक्त डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत, नववर्षाच्या रात्रीसाठी असते. पण खिडकीत आकाशकंदील लावता येतो आणि चकल्यांची ताटली खालच्या मजल्यावर नेता येते. ताटली रिकामी परत करू नये हा आपला नियम त्यांना ठाऊक नसतो. ती येते लख्ख घासलेली, आभाराच्या चिठ्ठीसकट. त्या सांगलीच्या मुलाच्या चिठ्ठीवर या खेपेस आणखी एक ओळ होती. बाईने चकलीची कृती मागितली होती, आणि ती मागताना 'झी' सोडून 'दू' लिहिले होते.